गोल मोडायचा नाही

माझे वडील दर संक्रांतीला चार बसगाड्या पानिपतला घेऊन जातात. तिथे काला अंब नावाची जागा आहे. मराठ्यांची फौज जिथे कापली गेली असं मानतात, तिथे विटांचा एक स्तंभ उभा आहे आणि भोवती बाग. दिल्लीच्या आसपास राहणारी आम्ही मराठी माणसं वर्षातून एकदा तिथे जातो, फुलं वाहतो, एक भाषण ऐकतो, एकमेकांना तिळगूळ देतो आणि परतताना मुरथलच्या ढाब्यावर पराठे खातो. भाषण बाबांचं असतं. ते सैन्यातून कर्नल म्हणून निवृत्त झाले, आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत आणि फरीदाबादला माझ्या मागच्याच गल्लीत एकटे राहतात. आई चार वर्षांपूर्वी गेली.

चार बस म्हणजे चार मंडळं. दिल्लीचं जुनं मंडळ, ज्यांच्या तीन पिढ्या सरकारी नोकरीत गेल्या आणि ज्यांना बाकीचे सगळे काल आलेले वाटतात. नोएडाचं बँकवाल्यांचं मंडळ. गुडगावचं, पुण्याहून आलेल्या आयटीवाल्यांचं, जे दर वर्षी नवे भगवे हुडी शिवून घेतात. आणि आमचं फरीदाबादचं, कारखान्यांतल्या लोकांचं. मी स्वतः एका कारखान्यात उत्पादनाचं नियोजन बघते, म्हणजे चार खात्यांची भांडणं सोडवते. पण या चार मंडळांपुढे माझी खाती म्हणजे सख्खी भावंडं आहेत. पहिला हार कुणाचा, इथपासून सुरुवात होते. गुडगावला ढोल हवा असतो, जुन्या मंडळाला शांतता. नोएडावाले लाडू आणणार असतील तर जुनं मंडळ वड्याच आणणार. असा सगळा बारभाईंचा कारभार.

हे सगळं जमवून आणायला बाबा दिवाळीपासून दारोदार फिरतात. प्रत्येकाच्या घरी जाऊन चहा पितात, प्रत्येकाचं ऐकून घेतात, कुणालाच हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. मी एकदा वैतागून म्हटलं होतं, "बाबा, कशाला त्यांच्या मिनतवाऱ्या करता? ज्यांना यायचं ते येतील." ते म्हणाले, "सेनापतीचं खरं काम हेच असतं. तलवार कुणीही चालवतो."

सेनापती म्हणजे पानिपतचा. बाबा त्याचं नाव कधी घेत नाहीत, नुसतं 'सेनापती' म्हणतात, आपल्या रेजिमेंटच्या साहेबाबद्दल बोलावं तसं. त्यांच्या मते त्या माणसाची खरी लढाई आधीचे कित्येक महिने चालू होती. एका सरदाराला गनिमी काव्याने लढायचं होतं, दुसऱ्याचा भरवसा तोफांवर होता, तिसरा दोस्त रुसून आपल्या मुलखात परत गेला होता, आणि बरोबर हजारो बायकामाणसं आणि यात्रेकरू. दाणागोटा संपला तेव्हा त्याने ठरवलं की गोल बांधून निघायचं. गोल म्हणजे तोफा आणि पायदळ कडेने, न लढणारी माणसं मधे, आणि सगळ्यांनी एकमेकांना धरून पुढे सरकायचं. बाबांच्या भाषणाचा शेवट दर वर्षी एकच असायचा. काही जण उतावीळ होऊन पुढे धावले, गोल फुटला, आणि फुटल्यावर काही उरलं नाही. "तोफांनी हरलो नाही," ते म्हणायचे, "गोल मोडला म्हणून हरलो." मग एक क्षण थांबून, "म्हणून गोल मोडायचा नाही." लोक टाळ्या वाजवायचे. मला ते भाषण पाठ होतं आणि खरं सांगायचं तर कंटाळाही आला होता.

त्यांनी स्वतः एक लढाई बघितली होती, एकाहत्तरची. त्याबद्दल ते एक अक्षर बोलत नसत. मला जे काही ठाऊक होतं ते आईकडून. माझं लग्न नुकतंच झालं होतं तेव्हा मी तिला विचारलं होतं की बाबा कुठेही सहलीला गेलं तरी दर तासाला माणसं का मोजतात. आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, त्या लढाईत ते कॅप्टन होते आणि सीमेपलीकडच्या स्वयंसेवकांच्या तुकड्या आपल्या फौजेशी जोडून घ्यायचं काम त्यांच्याकडे होतं. भाषा वेगळी, शिस्त वेगळी, हत्यारं मिळतील ती. एका पहाटे धुक्यात नदी ओलांडायची होती. चार तुकड्या यायच्या होत्या. तीन आल्या. ठरलेली वेळ झाली आणि ते त्या तीन तुकड्या घेऊन निघाले. थांबले असते तर सगळेच सापडले असते, वरच्यांनीही तसंच सांगितलं. चौथ्या तुकडीतलं कुणी पुन्हा दिसलं नाही. "किती जण होते?" मी विचारलं. "ते सांगत नाहीत," आई म्हणाली आणि भाजीची ताटली घेऊन उठली.

गेल्या संक्रांतीला आम्ही पहाटे सहाला दिल्लीहून निघालो. निघण्याआधी नेहमीचा विधी झाला. बाबांची एक जाड वही आहे. प्रत्येक बसची माणसं मोजून आकडा वहीत लिहायचा, बेरीज करायची, खाली बाबांची सही. त्या वर्षी वही माझ्या चौदा वर्षांच्या मुलीकडे होती. "आजोबांची एडीसी," म्हणजे साहेबाची खास मदतनीस, असं ती सगळ्यांना सांगत फिरत होती. ती इकडेच वाढलेली. मराठी बोलते पण आकडे हिंदीत मोजते. "छियालीस," ती म्हणाली. बाबा म्हणाले, "मराठीत." ती अडकली. "सेहेचाळीस," मागून कुणीतरी सांगितलं आणि तिने लिहिलं. चारही मिळून एकशे ऐंशी माणसं झाली.

बसचा क्रम बाबांनी ठरवला होता. जुनं मंडळ पुढे, त्यांच्याबरोबर बाबा आणि माझी मुलगी. मग नोएडा, मग गुडगाव आणि शेवटी आम्ही. आमच्या लोकांना राग आला, आम्ही काय उरलेसुरले म्हणून. बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "पिछाडी घरच्या माणसाला द्यायची असते. पुढच्याला कुणीही हाकू शकतो. शेवटच्यावर भरवसा लागतो." मला बरं वाटलं, उगाच नाकारण्यात अर्थ नाही.

मुरथलपर्यंत धुकं नेहमीचं होतं, जानेवारीत असतं तसं. लोक गाणी म्हणत होते, डबे उघडले होते. मुरथल मागे पडलं आणि पाचेक किलोमीटरवर धुकं असं उतरलं की गाणं आपोआप थांबलं. आधी शेतं गेली, मग दुभाजक, मग रस्त्यावरचा पांढरा पट्टा. काचेपुढे दुधासारखं काहीतरी आणि त्यात गुडगावच्या बसचे दोन लाल दिवे, बस.

फोनवर चारही बस एकाच कॉलवर जोडलेल्या होत्या. बाबांचा नियम असा की बोलतील फक्त ते, बाकीच्यांनी 'समजलं' एवढंच म्हणायचं. त्यांचा आवाज आला. "सगळ्यांनी ऐका. जवळ या. पुढच्या बसचे दिवे दिसत राहिले पाहिजेत. दिवे गेले की माणूस गेला. गोल मोडायचा नाही."

"समजलं," नोएडा म्हणालं. गुडगावचा प्रमुख म्हणाला, "समजलं सर, पण मॅपवर पुढे रोड क्लिअर दाखवतोय." मीही म्हटलं, "समजलं."

आमचा ड्रायव्हर झज्जरकडचा, पन्नाशीचा माणूस. दिल्लीपासून एक शब्द बोलला नव्हता. तो म्हणाला, "मॅडम जी, बत्ती देखके चलेंगे तो सड़क कौन देखेगा?"

मी म्हटलं, "मतलब?"

"मतलब ये कि हम उसकी बत्ती देख रहे, वो अगली की, वो उससे अगली की. सड़क अकेला पहला वाला देख रहा है. उसने ब्रेक मारा तो चारों एक के ऊपर एक. या तो फासला रखो, या सड़क से उतर जाओ."

मी हे बाबांना सांगितलं, नियम मोडून. त्यांनी ऐकून घेतलं. "अंतर ठेवलंस तर तुला पुढचा दिसणार नाही. मग तू कुठे आहेस ते मला कसं कळणार?" ते म्हणाले. "वेग वीसवर आणतोय. जवळ राहा." ते ओरडत नव्हते. ते कधीच ओरडत नाहीत, आणि त्यामुळेच त्यांच्याशी वाद घालणं कठीण जातं.

आमच्या बसमध्ये चव्वेचाळीस माणसं होती, त्यातली निम्मी साठीच्या पुढची. त्यांना वाटत होतं की कर्नलसाहेबांच्या मुलीला सगळं कळतं. मला काही कळत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की सगळ्यात पुढच्या बसमध्ये, ज्या एका बसला रस्ता बघायचा होता तिच्यात, माझी मुलगी मांडीवर वही घेऊन बसली आहे.

मग तो ब्रेक लागलाच. कुठल्या तरी वळणावरून उसाची ट्रॉली रस्त्यात आली होती, मागे ना दिवा ना लाल फडकं. हे नंतर कळलं. तेव्हा फक्त पुढचे लाल दिवे एकदम मोठे झाले. ड्रायव्हरने ब्रेक दाबला, बस तिरकी सरकली, वरच्या फळीवरून तिळाच्या वड्यांचे डबे खाली आले आणि आम्ही गुडगावच्या बसपासून हातभर अंतरावर थांबलो. तिच्या मागच्या काचेवर 'शौर्याला वंदन' असं लिहिलेलं मला सुटं सुटं वाचता येत होतं. कुणी किंचाळलं नाही. सगळे मागे वळून बघत होते. आता मागून काय येतंय, एवढंच सगळ्यांच्या मनात होतं. उजव्या बाजूने एक ट्रक हॉर्न वाजवत गेला तेव्हा बस हादरली.

गुडगावची बस पुन्हा सुटली. ड्रायव्हरने गियर टाकला पण तो माझ्याकडे बघत होता. थोडं पुढे डावीकडे धुक्यात पिवळट उजेड दिसला. "पेट्रोल पंप है," तो म्हणाला. "उतार दूँ?"

विचार करायला वेळ नव्हता. मी म्हटलं, "उतारो."

बस पंपावर आत शिरली, अगदी मागे हवा भरण्याच्या यंत्राजवळ जाऊन उभी राहिली. मी फोन उचलला आणि म्हटलं, "बाबा, पिछाडी थांबलीय." पलीकडे काही नव्हतं. कॉल तुटला होता, बहुधा त्या ब्रेकच्या हिसक्यात माझ्याच हाताने.

आणि मग मी काय करून बसले ते मला समजलं. गुडगाववाले मागे बघतील, आमचे दिवे त्यांना दिसणार नाहीत, ते बाबांना सांगतील की शेवटची बस नाही. आणि बाबा थांबतील. जगातला दुसरा कुणीही थांबला नसता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. बाबा गेली पन्नास वर्षं माणसं मोजत होते ती याच एका क्षणासाठी, चौथी तुकडी आली नाही तर या वेळी थांबायचं म्हणून. ते भर रस्त्यात, त्या दुधात, बस उभी करतील आणि आमची वाट बघतील. मागच्या दोन्ही बस त्यांच्यावर जातील, त्यांच्यामागून ट्रक. आणि पहिल्या सीटवर माझी मुलगी.

मी बाबांना फोन लावला, व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. चार लोक एकाच वेळी त्यांना लावत असणार. मला त्यांचा राग आला. त्या सेनापतीचा राग आला, त्या विटांच्या स्तंभाचा राग आला, दोनशेसाठ वर्षांपूर्वीची लढाई आम्ही अजून बसमध्ये बसून लढतोय याचा राग आला. मी मुलीला फोन लावला. तिने उचलला.

"आई, कहाँ हो तुम लोग? आजोबा गाडी थांबवायला सांगतायत."

"थांबली का?"

"हळू होतेय. ड्रायव्हर अंकल नाही म्हणतोय."

"फोन त्यांना दे. पटकन."

"माझी बॅटरी एक पर्सेंट—"

"दे."

बाबांचा आवाज आला. "कुठे आहेस?"

मला एकदम लख्ख कळलं की विनवण्या करून उपयोग नाही. सुरक्षित आहोत असं म्हणूनही उपयोग नाही, सुरक्षित सगळेच म्हणतात. त्यांना रिपोर्ट हवा होता. लहानपणी रात्री घरी उशिरा आलं की ते हेच विचारत, कुठे होतीस, कुणाबरोबर, कशी आलीस, आणि तीन उत्तरं मिळाली की झोपायला जात.

"पिछाडी बोलतेय," मी म्हटलं. "गन्नौरच्या अलीकडे, डाव्या हाताला पेट्रोल पंप. रस्त्यापासून पूर्ण आत. चव्वेचाळीस माणसं, चव्वेचाळीस हजर. कुणाला लागलेलं नाही."

'चव्वेचाळीस,' ते स्वतःशी म्हणाले. मग, "तू फुटलीस."

"हो. मी फुटले."

"मी इथे थांबतो. तू ये."

"थांबू नका. बाबा, तुम्ही रस्त्यात थांबलात तर मागचे तुमच्यावर येतील. मी मागे राहिलेली नाही, मी सांगून थांबलेय. तुम्ही पण उतरा. सगळ्यांना उतरायला सांगा, ज्याला जिथे जागा मिळेल तिथे."

"वेगवेगळे?"

"वेगवेगळे."

"आणि मग?"

"मग ऊन आलं की भेटू. बाबा, चौथी तुकडी आहे. ऐकलंत का? चौथी तुकडी इथे आहे, सगळी आहे."

मला 'बस' म्हणायचं होतं. तोंडातून 'तुकडी' गेलं. आई गेल्यापासून त्या गोष्टीचा उच्चार आमच्या घरात कुणी केला नव्हता, आणि मला ती ठाऊक आहे हे बाबांना माहीत नव्हतं. पलीकडे त्यांचा श्वास ऐकू आला. मग फोन बंद पडला. मुलीची बॅटरी गेली होती.

त्यानंतरचा अर्धा तास मला आजही नीट सांगता येत नाही. बाबांचा फोन लागला नाही, नोएडाचा लागला नाही, गुडगावचा वाजत राहिला. आमच्या लोकांनी बसमधून उतरून पंपाच्या पत्र्याखाली गर्दी केली होती. ड्रायव्हरने दोघा जवान माणसांना घेऊन मोबाइलचे दिवे दाखवत पंपाच्या तोंडाशी उभं केलं, दुसरं कुणी आत यायला बघत असेल तर रस्ता दिसावा म्हणून. एका आजींनी माझ्या हातात वडी ठेवली, "खा, साखर लागते अशा वेळी." मी ती मुठीत धरून उभी राहिले आणि ती विरघळून चिकट झाली.

मग पुढून आवाज आला. धुक्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही, पण तो पुढूनच आला. धप्प. मग लोखंड घासल्याचा. मग आणखी एक धप्प, आणि एक हॉर्न जो थांबेचना. पंपावर कुणी हललं नाही. ड्रायव्हरने टोपी काढली आणि पुन्हा घातली. मला वाटलं, मी गोल मोडला आणि त्यांनी माझी वाट बघितली. मुलगी जन्मली तेव्हाचा तिचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला तर तो आठवेना, फक्त सकाळची 'छियालीस'नंतर अडकलेली जीभ आठवत होती.

फोन वाजला तो अनोळखी नंबरचा होता.

"आई? आजोबांचा फोन सारखा बिझी आहे, मी लंगरवाल्या अंकलच्या फोनवरून बोलतेय. आम्ही गुरुद्वाऱ्यात आहोत. बस एकदम आत, अंगणात आहे. आजोबा म्हणतात रिपोर्ट दे. इकतालीस... एक्केचाळीस हजर. आई? रडतेस का?"

मी रडत होते. चिकट हाताने डोळे पुसले आणि तीळ गालाला लागले. जिवात जीव आला म्हणतात तो असा, पायांपासून वर.

तिने मग सांगितलं ते असं. फोन बंद पडला तेव्हा आजोबा ड्रायव्हरच्या बाजूला उभे होते आणि त्यांचा हात थांबण्याची खूण करत वर होता. तो हात तसाच राहिला, बराच वेळ, मग त्यांनी तो खाली घेतला. आपला फोन उचलला आणि सगळ्यांना म्हणाले, "गोल मोडा. ज्याला जिथे रस्ता सोडता येईल त्याने तिथे सोडा. कुणी कुणाची वाट बघू नका. उतरलात की माणसं मोजा आणि मला कळवा." नोएडाच्या प्रमुखाला वाटलं चुकीचं ऐकलं. त्याने दोनदा विचारलं. बाबांनी दोनदा सांगितलं. नोएडाची बस एका ढाब्यावर वळली, गुडगाववाले एका बँक्वेट हॉलच्या दारात. बाबांची बस गुरुद्वाऱ्यात शिरल्यावर दहा मिनिटांत तो आवाज आला. आमच्यातलं कुणी त्यात नव्हतं. पण कुणीतरी होतं.

साडेअकराच्या पुढे ऊन आलं. आम्ही एक एक करून निघालो, ठराविक अंतराने, कुणी कुणाचे दिवे बघत नव्हतं. रस्त्याच्या कडेला तीन ट्रक आणि एक पांढरी गाडी एकमेकांत घुसलेली होती आणि पोलीस माणसांना पुढे सारत होते. बसमधल्या सगळ्यांनी हात जोडले. मी त्या गाडीच्या मागच्या काचेकडे बघितलं नाही. काही ठिकाणी बघू नये.

काला अंबला पोहोचायला दीड वाजला. मुलगी बसमधून उतरताच मी तिला इतकं घट्ट धरलं की ती म्हणाली, "आई यार, सब देख रहे हैं." बाबा स्तंभाजवळ उभे होते, कोट नीट, मफलर नीट. माझ्याशी बोलले नाहीत. मीही गेले नाही. चारही मंडळांची माणसं आली, आणि पहिला हार कुणाचा हे त्या दिवशी कुणीच विचारलं नाही. गुडगावचे ढोल बसमध्येच राहिले.

मग सगळे भाषणासाठी उभे राहिले. बाबा पुढे आले आणि म्हणाले, "मोजून घेऊ." एवढंच.

मुलीने वही उघडली. तिने मोठ्याने वाचलं, अडखळत, पण मराठीत. दिल्ली एक्केचाळीस. नोएडा सेहेचाळीस. गुडगाव एकोणपन्नास. फरीदाबाद चव्वेचाळीस. प्रत्येक आकड्याला त्या त्या मंडळाने 'हजर' म्हटलं. तिने बेरीज केली. "एकशे ऐंशी," ती म्हणाली. "सगळे आहेत आजोबा. सही करा."

बाबांनी पेन हातात घेतलं पण सही केली नाही. ते स्तंभाकडे बघत होते. "आणि अठरा," ते म्हणाले.

"अठरा कोण?" मुलीने विचारलं. "कुठल्या बसचे?"

"ते आले नव्हते," बाबा म्हणाले. "मी त्यांच्यासाठी थांबलो नाही."

आवाज नेहमीसारखाच होता. माणसं एकमेकांकडे बघायला लागली, कुणाला काही कळलं नाही. पन्नास वर्षं आईला न सांगितलेला आकडा त्यांनी एकशे ऐंशी माणसांसमोर सांगितला होता आणि तो फक्त मला कळला होता. मला त्यांच्याजवळ जाऊन उभं राहायचं होतं.

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "लिही."

तिने एकशे ऐंशीच्या खाली अठरा लिहिले. मग, तिला तसंच शिकवलेलं असल्यामुळे, खाली रेघ मारली, बेरीज केली आणि एकशे अठ्ठ्याण्णव लिहिलं. बाबांनी वही हातात घेतली, तो आकडा बराच वेळ वाचला आणि त्याच्या खाली सही केली.